खिडकीतली मिरची आणि बारमाही मावा

दिवाळीच्या सुमारास आपल्याकडे शेतातले धान्य घरात येते. टोरांटो, शिकागो, लंडन अशा शहरांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत त्याच आठवड्यांत आणखी एक गोष्ट घरात येते : अंगणातली किंवा गॅलरीतली मिरचीची कुंडी. तिकडे ऑक्टोबर उतरणीला लागला की दंव गोठवणारी पहिली रात्र केव्हाही येऊ शकते आणि मिरचीला ती एकच रात्र पुरते. सकाळी पाने उकडल्यासारखी काळपट होऊन लोंबतात, नंतर खोडही मऊ पडते. म्हणून थंडीच्या आत कुंडी उचलून खिडकीशी ठेवायची, पाच-सहा महिने सांभाळायची आणि मे महिन्यात पुन्हा बाहेर काढायची, असा तिथल्या हौशी बागकाम करणाऱ्यांचा क्रम आहे.

हा क्रम बिघडतो तो पुष्कळदा थंडीने नव्हे, तर किडीने. डिसेंबर-जानेवारीत खिडकीच्या काचेवर आणि कुंडीखालच्या फरशीवर चिकट थेंब दिसू लागतात. पानांवर कोंड्यासारखे पांढरे कण पडतात. शेंड्याची कोवळी पाने आकसून खाली वळतात. पान उलटून पाहावे तर शिरेलगत हिरवट ठिपके दाटीने बसलेले असतात. हा मावा. झाड बाहेर होते तेव्हाही तो त्यावर असणारच, पण उन्हाळाभर तो मर्यादेत राहिला होता. घरात येताच तो हजारांनी कसा वाढला आणि फवारून फवारूनही पुन्हा कसा येतो, हे कोडे अनेकांना पडते.

याचे उत्तर औषधाच्या बाटलीवर सापडत नाही. ते माव्याच्या जीवनक्रमात आहे. घराबाहेर माव्याला दोन गोष्टी आवरतात : ऋतू आणि शत्रू. कुंडी घरात आणताना आपण या दोन्ही दाराबाहेर ठेवतो. हे एकदा ध्यानात आले की उपाय कोणता, यापेक्षा तो केव्हा आणि किती दिवसांच्या अंतराने करायचा हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, हेही कळते.

नावाने वर्षायू, स्वभावाने बहुवर्षायू

आधी झाडाविषयी. लिनियसने १७५३ साली मिरचीला 'कॅप्सिकम ॲन्युअम' असे नाव दिले. 'ॲन्युअम' म्हणजे एका वर्षात आयुष्य संपवणारी. युरोपच्या थंडीत मिरची एका हंगामापलीकडे टिकत नसे, म्हणून हे नाव पडले असावे. वास्तविक मिरची मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातली. तिथे ती खोड लाकडासारखे घट्ट होणारे, काही वर्षे जगणारे झुडूप आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ती आपल्या किनाऱ्यावर आली. परसात राखलेले लवंगी मिरचीचे झाड दोन-तीन वर्षे फळ देते, हे आपल्याकडच्या जुन्या लोकांना ठाऊक असतेच.

थंड देशात झाड राखण्याचा फायदा मोठा आहे. बियांपासून सुरुवात केली तर रोप तयार होण्यात दोन महिने जातात आणि हाबानेरोसारख्या उशिरा पिकणाऱ्या जातींचे फळ लाल होण्याच्या आतच हंगाम संपतो. राखलेल्या झाडाची मुळे आणि खोड तयार असते, त्यामुळे पुढच्या उन्हाळ्यात ते लवकर फुलते. शिवाय गावाकडून आलेल्या बियाण्याचे ते एकच झाड हाती असेल, तर ते गमावण्याचे दुःख बाजारातून नवे रोप आणून भरून निघत नाही.

चार जाती, एकच रीत

मिरचीवर काचगृहात किंवा घरात मुख्यतः चार जातींचा मावा आढळतो. सर्वांत महत्त्वाचा 'मायझस पर्सिकी', म्हणजे पीचच्या झाडावरचा हिरवा मावा. त्याच्या शास्त्रीय नावातच पीच आहे. दुसरा 'एफिस गॉसिपी', आपल्या कापसावरचा आणि जास्वंदीवरचा मावा. तिसरा 'मॅक्रोसायफम युफोर्बी' आणि चौथा 'ऑलाकॉर्थम सोलानी', हे दोन्ही बटाट्यावरही येणारे. मित्रकीटक विकत आणायचे असतील तर जात ओळखण्याचा उपयोग होतो, तो कसा हे पुढे येईल. धुणे आणि साबण या उपायांना मात्र चारही जाती सारख्याच.

मावा सोंडेने पानाच्या रसवाहिनीला भोक पाडून रस शोषतो. या रसात साखर भरपूर, पण शरीर घडवायला लागणारी अमिनो आम्ले फार थोडी. ही उणीव माव्याच्या शरीरात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे जिवाणू भरून काढतात. १९९१ साली या जिवाणूला जर्मन प्राणिशास्त्रज्ञ पाउल बुक्नर यांच्यावरून 'बुक्नेरा' हे नाव देण्यात आले. तरीही पुरेसे पोषण मिळवायला माव्याला पुष्कळ रस ओढावा लागतो आणि जास्तीची साखर तो मागच्या बाजूने टाकून देतो. काचेवरचे चिकट थेंब ते हेच. ज्वारीवर पडणाऱ्या 'चिकट्या'मागेही हीच प्रक्रिया असते. या साखरेवर काळी बुरशी वाढते आणि हिवाळ्यात आधीच कमी असलेला उजेड पानापर्यंत पोहोचत नाही. कोंड्यासारखे पांढरे कण म्हणजे माव्याच्या पिल्लांनी टाकलेली कात. वयात येईपर्यंत पिल्लू चार वेळा कात टाकते. ही कात पांढरी माशी समजून चुकीचा उपाय करणारे बरेच आहेत. फुंकर मारल्यावर उडाली तर पांढरी माशी, जागच्या जागी राहिली तर माव्याची कात.

कुंडीतला पहिला प्रयोग

माव्याच्या वाढीचे रहस्य उलगडले ते एका कुंडीतच. १७४० सालची गोष्ट. जिनिव्हातला वीस वर्षांचा तरुण शार्ल बोने याने पॅरिसचे नामवंत कीटक-अभ्यासक रेओम्यूर यांनी सुचवलेला प्रयोग हाती घेतला. मावा नराशिवाय प्रजा निर्माण करतो अशी शंका तेव्हा अभ्यासकांना होती, पण पुरावा नव्हता. बोनेने मातीने भरलेल्या कुंडीत पाण्याची बाटली पुरली, तीत स्पिंडल नावाच्या झुडपाची फांदी खोचली, फांदीवर नुकतेच जन्मलेले माव्याचे एकच पिल्लू ठेवले आणि वर काचेचे भांडे पालथे घालून त्याच्या कडा मातीत दाबल्या. आत दुसरा कीटक शिरणे शक्यच नव्हते.

२० मेपासून तो दिवसातून अनेकदा भिंग घेऊन त्या पिल्लापाशी बसू लागला आणि बारीकसारीक नोंदी ठेवू लागला. पिल्लाने चार वेळा कात टाकली. १ जूनला त्या एकट्या मादीने पहिले पिल्लू दिले आणि पुढच्या तीन आठवड्यांत ९५ पिल्ले. एकही नर नाही, एकही अंडे नाही, थेट जिवंत पिल्ले आणि सगळ्या माद्या. पुढे त्याने एकामागून एक पिढी अशीच एकटी वाढवत दहा पिढ्यांपर्यंत हे दाखवून दिले. १७४५ साली त्याने कीटकांवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. डोळे अधू होत गेल्यामुळे त्याला भिंगाचे काम सोडावे लागले आणि तो तत्त्वचिंतनाकडे वळला.

नंतरच्या अभ्यासकांनी याहून विलक्षण गोष्ट पाहिली. मादीच्या पोटात वाढणाऱ्या पिल्लाच्याही पोटात पुढच्या पिढीचे गर्भ आकार घेऊ लागलेले असतात. म्हणजे आजी, आई आणि नात एकाच देहात. त्यामुळे सुमारे २० अंश सेल्सियस तापमानाला जन्मलेले पिल्लू आठ-दहा दिवसांत स्वतः पिल्ले देऊ लागते.

बोनेच्या प्रयोगाची मांडणी पुन्हा पाहावी. कुंडी, फांदी, वर काच, बाहेरचे काही आत येणार नाही अशी व्यवस्था. हिवाळ्यात खिडकीशी ठेवलेली मिरची म्हणजे हाच प्रयोग. फरक एवढाच की तो आपण नकळत मांडलेला असतो.

दिवस मोजणारा कीटक

मग बाहेर हाच प्रकार अखंड का चालत नाही? थंड प्रदेशात शरद ऋतू आला की माव्याचे वागणे बदलते. हिरव्या माव्याच्या काही पंखवाल्या माद्या आणि नर भाजीपाला सोडून पीचच्या झाडाकडे उडतात. तिथे मीलन होते आणि कळ्यांच्या बेचक्यात काळी चकचकीत अंडी घातली जातात. कडाक्याची थंडी झेलतात ती ही अंडी. वसंतात त्यांतून बाहेर पडणाऱ्या माद्या पुन्हा नराशिवाय प्रजा वाढवू लागतात. म्हणजे वर्षातून एकदा सारा पसारा आवरून मावा अंड्यांपुरता उरतो.

ही वेळ तो कशावरून ओळखतो? गार्नर आणि ॲलर्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० साली दाखवले की तंबाखू, सोयाबीन यांसारखी झाडे दिवसाच्या लांबीवरून फुलण्याची वेळ ठरवतात. ते वाचून टेनेसी येथील कृषी संशोधन केंद्रातल्या मार्कोविच यांनी तोच प्रश्न स्ट्रॉबेरीवरच्या माव्याला विचारला. कृत्रिमरीत्या दिवस लहान केला तर भर उन्हाळ्यातही नर आणि अंडी घालणाऱ्या माद्या जन्मल्या. दिवसाच्या लांबीचा असा परिणाम प्राणिसृष्टीत स्पष्टपणे दिसला तो इथे पहिल्यांदा. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये ए. डी. लीस यांनी मेगौरा या माव्याच्या डोक्यावर प्रकाशाचे बारीक ठिपके पाडून दाखवले की हा उजेड मुख्यतः डोळ्यांतून नव्हे, तर डोक्याच्या कवचातून थेट मेंदूच्या भागात जाणवतो. आपल्या दृष्टीने त्यांचा आणखी एक निष्कर्ष महत्त्वाचा आहे : हवा पुरेशी उबदार असेल तर दिवस लहान असूनही मावा अंड्यांच्या वाटेला जात नाही, पिल्लेच देत राहतो.

घरातली परिस्थिती आता उलगडते. लंडनचा सर्वांत लहान दिवस जेमतेम आठ तासांचा, टोरांटोचा नऊ तासांचा. पण मिरचीला उजेड कमी पडू नये म्हणून तिच्यावर चौदा-सोळा तास दिवा लावलेला असतो आणि खोलीचे तापमान २० अंशांच्या आसपास असते. माव्याच्या लेखी हा जून महिनाच आहे. दिवा नसला तरी ऊब पुरते. शिवाय काही वंशांनी अंडी घालण्याची क्षमता गमावलेली असते, त्यांना ऋतूचे बंधनच उरलेले नसते.

आपल्या महाराष्ट्रात मैदानी भागातला मावा बहुतेक बारमाही असाच जगतो. नर नाही, अंडी नाहीत, नुसती पिल्ले. रब्बीत करडई आणि मोहरीवर, ढगाळ हवेत तर फारच वेगाने, तो वाढलेला शेतकरी पाहतात. पण तिथे ढालकिडे आणि त्यांच्या अळ्या येतात, सिरफिड माशीच्या अळ्या येतात, क्रायसोपा येतो, पुढे उन्हाचा ताप वाढतो, एखादी जोराची सर मावा धुऊन नेते. परदेशातल्या दिवाणखान्यात आपण मिरचीसाठी जणू महाराष्ट्राचा हिवाळा तयार करतो. ढालकिडे, ऊन आणि सर यांतले काहीही नसलेला हा हिवाळा मावा आयता उपभोगतो.

अंतराचे गणित

आता फवारणीकडे वळू. हिशेब सोपा व्हावा म्हणून धरू की उबदार खोलीत माव्याची संख्या दर तीन दिवसांनी दुप्पट होते. प्रत्यक्षातला वेग याच्या जवळपास असतो. म्हणजे एका माव्याचे महिनाभरात हजार होतात.

हजार मावे असलेल्या झाडावर आपण साबणाचे पाणी फवारले आणि शंभरातले ९५ मेले. उरले ५०. झाड स्वच्छ दिसते, आपण निर्धास्त होतो. पण ५० चे पुन्हा हजार व्हायला तेरा दिवस पुरतात. दर पंधरा दिवसांनी फवारणाऱ्याची लढाई म्हणूनच कधी संपत नाही. दोष साबणाचा नसतो.

आता तोच साबण दर पाच दिवसांनी वापरू. पाच दिवसांत ५० चे सुमारे १५८ होतात, दुसऱ्या फवारणीनंतर ८ उरतात. पाच दिवसांनी त्यांचे २५, तिसऱ्या फवारणीनंतर एखादा. पुन्हा पाच दिवसांनी चार, आणि चौथ्या फवारणीत तेही बहुधा संपतात. चार फवारण्या, पंधरा दिवस, काम पूर्ण. आठवड्याच्या अंतरानेही मावा संपतो, पण पाच फवारण्या आणि जवळजवळ महिना लागतो.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. पानांची खालची बाजू नीट भिजली नाही आणि मरण्याचे प्रमाण ९५ ऐवजी ८० टक्क्यांवर आले, तर आठवड्याला एक फवारणी करणारा माणूस जिथल्या तिथे राहतो : जेवढे मारले तेवढे आठवड्यात परत. म्हणून दोन गोष्टी निर्णायक आहेत, फवारणीतले अंतर आणि पानाची खालची बाजू. औषधाचे नाव त्यांच्यानंतर येते.

या लढाईत एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. घरातल्या मिरचीवर माव्याची अंडी सहसा नसतात. पांढरी माशी किंवा कोळी यांच्या अंड्यांवर औषध नीट चालत नाही, ती फुटण्याची वाट पाहावी लागते. मावा लहान असो वा मोठा, पानावर उघडाच बसलेला असतो आणि प्रत्येक अवस्थेत साबणाने मरतो. म्हणून मनावर घेतले तर तो घरातून पूर्ण नाहीसा करता येतो.

कुंडी घरात आणण्यापूर्वी

निम्मे काम उंबरठ्याबाहेर करायचे असते. रात्रीचे तापमान १० अंशांच्या खाली जाऊ लागण्याआधी झाड छाटावे. हिवाळ्यात फळे नको असतील तर मुख्य खोड आणि दोन-चार फांद्यांची खुंटे ठेवून सारे शेंडे आणि पानेही काढावीत. माव्याचे घर कोवळा शेंडा आणि पानाची पाठ, ते दोन्ही गेले की बहुतेक मावाही गेला. उरलेले खोड पाण्याच्या जोरदार धारेने धुवावे. मातीवर पडलेले तण आणि पाने उचलून टाकावीत, कारण धक्का बसल्यावर मावा खाली पडतो आणि पुन्हा खोडावर चढतो. शक्य असल्यास वरची माती बदलावी. नंतर कुंडी दोन आठवडे इतर झाडांपासून वेगळी ठेवावी. जास्वंदीची कुंडी घरात असेल तर तिच्यावर विशेष लक्ष ठेवावे. बाजारातून आणलेली पालेभाजी आणि फुलांचे गुच्छ यांतूनही मावा घरात येतो, म्हणून ते मिरचीजवळ ठेवू नयेत.

यापुढे दोन मार्ग आहेत. पहिला विश्रांतीचा : छाटलेले झाड १० ते १२ अंशांच्या थंड पण न गोठणाऱ्या जागी, कमी पाण्यावर ठेवणे. सुमारे ४ अंशांखाली हिरव्या माव्याची वाढ जवळजवळ थांबते. २० अंशांना आठ दिवसांत वयात येणाऱ्या पिल्लाला १० अंशांना तीन आठवडे लागतात. वरच्या हिशेबात दुप्पट होण्याचा काळ तितकाच लांबतो आणि नजर ठेवणाऱ्याला उसंत मिळते. दुसरा मार्ग दिव्याखाली, उबेत झाड वाढते ठेवण्याचा. त्यात हिवाळ्यातही मिरच्या मिळतात, पण दर दोन-तीन दिवसांनी पाने उलटून पाहावी लागतात. थंड खोली उपलब्ध असेल तर पहिला मार्ग बरा. कोणत्याही मार्गात हिवाळ्यात नत्रयुक्त खत हात राखून द्यावे. नत्राने शेंडे लुसलुशीत होतात, रसातली अमिनो आम्ले वाढतात आणि माव्याला नेमके तेच हवे असते.

पाणी, साबण, निंबोळी

मावा दिसला की पहिला उपाय पाणी. कुंडीचे तोंड प्लास्टिकने बांधून झाड न्हाणीघरात आडवे धरावे आणि पानांच्या खालून कोमट पाण्याची धार सोडावी. मोडलेल्या सोंडेनिशी खाली पडलेला मावा पुन्हा रस ओढू शकत नाही.

त्यानंतर साबण. इथे साबण म्हणजे वनस्पतींसाठी मिळणारा, मेदाम्लांच्या पोटॅशियम क्षारांचा द्रव साबण. भांडी घासायचा द्रव हा बहुधा साबण नसतो, दुसऱ्याच रसायनांचा असतो आणि पाने जाळू शकतो. लेबलवरचे प्रमाण पाळावे, ते सहसा लिटरला १० ते २० मिलिलिटर असते. साबण स्पर्शजन्य आहे. माव्याच्या अंगावर ओला असेतोच तो काम करतो, वाळला की त्याचा प्रभाव संपतो. म्हणून उन्हात किंवा दिव्याखाली फवारू नये, संध्याकाळी फवारावे. लंडनसारख्या शहरात नळाचे पाणी चुनखडीयुक्त असते, त्यात साबण फाटतो. तिथे पावसाचे किंवा शुद्ध केलेले पाणी वापरावे. पहिल्यांदा दोन-चार पानांवर फवारून एक-दोन दिवस थांबावे, मग सगळ्या झाडावर.

आपल्याकडे शेतकरी रसशोषक किडींवर ५ टक्के निंबोळी अर्क फवारतात, म्हणजे १०० लिटर पाण्याला ५ किलो निंबोळ्यांची पूड. त्यातला मुख्य घटक ॲझाडिरॅक्टिन १९६८ साली इंग्लंडमध्ये वेगळा करण्यात आला. तो पिल्लांच्या कात टाकण्यात बिघाड करतो, म्हणून त्याचा परिणाम सावकाश दिसतो. आज फवारून उद्या निकाल पाहणाऱ्याची निराशा होते. परदेशात निंबोळी तेलाबाबतचे नियम देशागणिक वेगळे आहेत. कुठे ते कीटकनाशक म्हणून नोंदलेले आहे, कुठे नाही. आपण राहतो तिथला नियम पाहूनच वापरावे.

पिवळे चिकट सापळे लावावेत, पण त्यांच्याकडून मावा संपण्याची अपेक्षा ठेवू नये. हिरवा मावा पिवळ्या रंगाकडे ओढला जातो हे जर्मनीत मोएरिके यांनी १९५१ साली पिवळ्या रंगाच्या पाणी भरलेल्या भांड्यांनी दाखवले. सापळ्यावर चिकटतो तो पंखवाला मावा, आणि झाडावर दाटी झाल्यावरच पंखवाले मावे जन्मतात. म्हणून सापळ्यावर मावा दिसला तर जवळपासच्या झाडांची पाने त्याच दिवशी उलटून पाहावीत.

शत्रू घरात आणता येतात

काचेखालच्या मिरचीचा सर्वांत मोठा धडा स्पेनमध्ये मिळाला. तिथल्या अल्मेरिया प्रांतात प्लास्टिकच्या छताखाली हिवाळाभर मिरची पिकते आणि युरोपभर जाते. २००६ च्या अखेरीस जर्मनीत या मिरचीत आयसोफेनफॉस-मिथाइल या परवानगी नसलेल्या कीटकनाशकाचे अंश सापडले. खरेदीदारांनी पाठ फिरवली. पुढच्या दोन-तीन हंगामांत तिथल्या बहुतांश मिरची उत्पादकांनी मित्रकीटकांचा मार्ग धरला. वर्षानुवर्षे समजावून जे झाले नव्हते ते नाकारलेल्या मालाने करून दाखवले.

घरातही हे थोड्या प्रमाणात शक्य आहे. 'अफिडियस कोलेमानी' ही दोन मिलिमीटरची गांधीलमाशीची दूरची नातलग माव्याच्या पोटात एकेक अंडे घालते. तिची अळी माव्याला आतून खाते आणि मागे फुगलेले, सोनेरी-तपकिरी कवच उरते. माणसाला ती डंख करत नाही. हिरव्या आणि कापसाच्या माव्यावर ती चालते. बटाट्यावरच्या मोठ्या दोन जातींसाठी 'अफिडियस एर्वी' लागते. जात ओळखण्याचा उपयोग तो इथे. मावा खाणारी 'अफिडोलेटिस' नावाची चिलटासारखी माशी हिवाळ्याच्या लहान दिवसात सुप्तावस्थेत जाते, म्हणून दिवा नसलेल्या खिडकीत ती निरुपयोगी. प्रौढ ढालकिडे उडून काचेवर जाऊन बसतात. एक-दोन कुंड्यांसाठी सर्वांत सोयीच्या क्रायसोपाच्या अळ्या : त्यांना पंख नसतात, त्या झाडावरच फिरतात आणि भूक मोठी असते. मावा फार वाढलेला असेल तर आधी साबणाने संख्या खाली आणावी, पाने वाळू द्यावीत आणि मग अळ्या सोडाव्यात. वाळलेला साबण त्यांना त्रास देत नाही.

काय टाळावे

सर्वांत सोपा वाटणारा उपाय म्हणजे मातीत घालायचे आंतरप्रवाही कीटकनाशक. ते मुळांतून सगळ्या झाडात पसरते, म्हणजे आपण खाणार त्या मिरचीतही, आणि झाड बाहेर नेल्यावर फुलांच्या परागातही. इमिडाक्लोप्रिड आणि त्याच्या गटातल्या आणखी दोन कीटकनाशकांच्या उघड्यावरील वापरावर युरोपीय संघाने २०१८ साली बंदी घातली ती मधमाश्यांच्या काळजीने. स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या खायच्या झाडाला ते घालण्याचे कारण नाही. शिवाय हिरवा मावा औषधांना दाद न देण्याबद्दल प्रसिद्ध आहे. इंग्लंडच्या रॉथमस्टेड संशोधन केंद्रात दिसून आले की काही वंशांत औषध निकामी करणाऱ्या विकराच्या जनुकाच्या अनेक प्रती तयार झालेल्या असतात. नराशिवाय वाढणाऱ्या या कुळात असा एक मावा वाचला की त्याची सारी संतती त्याच ताकदीची निघते. साबणाविरुद्ध अशी तटबंदी उभारणे फार कठीण आहे, कारण साबण कोणत्याही एका विकरावर अवलंबून नसतो.

शेवटची दक्षता वसंतातली. हिरवा मावा शंभराहून अधिक विषाणूंचा वाहक आहे. मिरचीवरचा काकडी मोझॅक आणि बटाट्याचा वाय विषाणू तो सोंडेच्या काही सेकंदांच्या स्पर्शाने पसरवतो. मे महिन्यात कुंडी बाहेर काढताना तिच्यावर मावा असेल, तर आपण हिवाळाभर सांभाळलेली कीड आपल्याच टोमॅटोवर आणि शेजाऱ्याच्या वाफ्यावर मोसमाच्या आधी सोडत असतो. पानांवर फिकट-गडद चट्टे, सुरकुत्या आणि खुंटलेली वाढ दिसत असेल आणि मावा संपल्यावरही नवी पाने तशीच येत असतील, तर ते झाड राखू नये. विषाणूवर उपाय नाही. त्या झाडाच्या निरोगी बहिणी वाचवायच्या असतील तर ते वेगळे काढून कचऱ्यात टाकावे.

एकंदरीत खिडकीतली मिरची वाचवण्यासाठी महागडे काही लागत नाही. छाटणीची कात्री, पाण्याची धार, योग्य साबण आणि कॅलेंडरवर पाच-पाच दिवसांच्या अंतराने केलेल्या चार खुणा एवढे पुरते. ऋतू आणि शत्रू ही दोन कामे निसर्ग बाहेर करत होता. कुंडी घरात आणली त्या दिवसापासून ती आपल्याकडे आली, एवढे लक्षात ठेवले की झाले.